चौथ्या मजल्यावर गैरहजर

त्याला सगळे खालीवर म्हणत. बावीस वर्षं सरकारी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती, तेव्हा हे नाव पडलं आणि चिकटलं. पुढे अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हा एका सहकाऱ्याने ओशाळून त्याला नीट नावाने हाक मारली. खालीवरने त्याला तिथल्या तिथे झापलं. "पाय गेलाय माझा, नाव नाही गेलं."

पाय गेला तो निवृत्तिवेतन कार्यालयाच्या इमारतीत. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरून तो तेलपाणी करत होता. बाहेर लाल पाटी लावली होती, पण मुख्य स्विचची किल्ली खिशात टाकायची ती तो स्विचलाच विसरला. अशी चूक त्याने बावीस वर्षांत एकदाच केली. घाईतल्या कुणीतरी पाटी बाजूला सरकवली, किल्ली फिरवली आणि वर निघून गेला. तो माणूस कोण, हे चौकशीत शेवटपर्यंत निघालं नाही. किल्ली कुणाची चुकली, हे मात्र पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

त्यानंतर खालीवरला अपंगत्वाचं निवृत्तिवेतन सुरू झालं आणि दर वर्षी त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर, पडताळणी अधिकाऱ्यासमोर जाऊन उभं राहणं आलं. माणूस जिवंत आहे ना, आणि गेलेला पाय परत उगवला नाही ना, एवढंच सरकारला पाहायचं असे. खालीवर कुबड्या घेऊन आपल्याच लिफ्टने वर जायचा, पँटचा पाय वर करून दाखवायचा, सही घेऊन खाली यायचा. दहा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग साथ आली. दारावर माणसं बसली, कपाळावर पिस्तूल रोखून ताप मोजू लागली, आणि लिफ्टला कागद चिकटवला गेला : ‘संसर्ग टाळण्यासाठी लिफ्ट बंद.’ म्हाताऱ्या पेन्शनरांना घरबसल्या मोबाइलवरून पडताळणीची सोय मिळाली. अपंगांना नाही. त्यांचं अपंगत्व अधिकाऱ्याने ‘समक्ष’ पाहावं, असं परिपत्रकात होतं. ज्याने ते लिहिलं त्याचे दोन्ही पाय शाबूत असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

खालीवरच्या बायकोने पिशवीत कागद भरले. "तुम्ही अंगणात बाकावर बसा. मी वर जाऊन साहेबांना सांगते. माणूसच आहे ना तो, समजून घेईल."

एका मजल्याला चोवीस पायऱ्या, म्हणजे चौथ्यापर्यंत शहाण्णव. हे खालीवरला पाठ होतं, कारण हत्यारांची पेटी घेऊन तो त्या चढला होता. बायको चढली. वरच्या पडताळणी अधिकाऱ्याने पिशवीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही.

"व्यक्ती कुठे आहे?"

"खाली बसलेत, साहेब. लिफ्ट बंद आहे ना. ह्या खिडकीतून बघा, दिसतील. निळा शर्ट."

"खिडकीतून पाहणं म्हणजे समक्ष नव्हे."

"मग तुम्ही दोन मिनिटं खाली आलात तर..."

"बाई, मी प्रत्येकासाठी खालीवर करत बसलो तर काम कधी करू?"

घरी येऊन तिने हे वाक्य त्याला जसंच्या तसं ऐकवलं. एकच तळपाय उरला होता, तरी त्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती सहा वेळा चढली. कधी साहेब बैठकीत, कधी कागद अपुरा, कधी शिक्का असलेला माणूस रजेवर. जिन्यात माणसं खेटून उभी असत. खालच्या फरशीवर अंतर ठेवायला गोल काढले होते, जिन्यात गोल काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. सहाही वेळा खालीवर बाकावर बसून चौथ्या मजल्याच्या खिडकीकडे डोळे लावून असे. काचेमागे साहेबांचं डोकं हललं की दात-ओठ खाई.

"अहो, तिसऱ्याच्या वळणावर मी दम खायला बसते," एकदा बायको म्हणाली. "तिथे खिडकी आहे. दर वेळी तुम्हाला हात करते. तुम्ही बघतच नाही."

"मी वर बघतो. चौथ्यावर."

"काय मिळतं तिथे बघून?"

त्याने कुबड्या उचलल्या.

सहाव्या खेपेनंतर पत्र आलं : ‘वारंवार संधी देऊनही अर्जदार पडताळणीस गैरहजर. सबब निवृत्तिवेतन स्थगित.’ आणि त्याच आठवड्यात बायकोला ताप भरला. एकोणीस दिवस ती इस्पितळात होती. परत आली ती अर्ध्या फुप्फुसांची होऊन. खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत जाताना मध्ये खुर्ची ठेवावी लागे. नाकाला नळी, नळीला यंत्र, यंत्राला भाडं. खालीवरला दुसरं उत्पन्न नव्हतं. निवृत्तिवेतन सुरू झालं नाही, तर पुढच्या महिन्यात यंत्र परत जाणार होतं. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती एका सहीवर अडली होती.

साथ जिन्यातच लागली हे कुणी सिद्ध करू शकलं नसतं. खालीवरला सिद्ध करायचं नव्हतंच. त्याने डूख धरला. निवृत्त होताना जमा न केलेली त्रिकोणी किल्ली, लिफ्टची बाहेरची दारं उघडायची, तो रोज काढायचा, तेल लावून पुसायचा आणि परत गुंडाळून ठेवायचा. तोंडाने पुटपुटायचं ते बायकोला ऐकू जायचं.

"त्याला मारून... मला काय मिळणार?" ती एक एक शब्द तोडत म्हणाली. "आधी सही घ्या. मग... मारा."

तिची विनोदबुद्धी फुप्फुसात नव्हती, म्हणून ती वाचली होती.

एका सकाळी साडेअकराला शेजारच्यांच्या फोनवर त्या इमारतीच्या पहारेकऱ्याचा फोन आला. पहारेकरी जुना, खालीवरला काका म्हणणारा.

"काका, लिफ्ट अडकलीय. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये. आत साहेब आहेत."

"कुठले साहेब?"

"तुमचेच."

खालीवरने फोन दुसऱ्या कानाला लावला. "लिफ्ट बंद होती ना रे?"

"लोकांना बंद होती. साहेबांनी दोन महिन्यांपूर्वी स्वतःपुरती किल्ली करून घेतली. गुडघे दुखतात म्हणे." पहारेकऱ्याचा आवाज खाली गेला. "कंपनीचा मेकॅनिक आजारी पडून कोंडून घेतलेला आहे. अग्निशमनवाले म्हणतात, जीव जात नसेल तर संध्याकाळी येऊ. आणि साहेब आतून ओरडतायत."

"ओरडू दे," खालीवर म्हणाला, आणि कुबड्या मागितल्या. खरं सांगायचं तर त्याला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. बायकोने खाटेवरून त्याचा चेहरा पाहिला. "कागद... न्या," एवढंच म्हणाली. कागद त्याच्या खिशातच होता.

तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशी नाक नेल्याबरोबर त्याला कारण कळलं. औषधाचा भपकारा. साहेब एकटे लिफ्ट वापरायचे आणि जंतूंना भ्यायचे, म्हणून त्यांच्या हुकमाने रोज दोनदा आत-बाहेर फवारा मारला जाई, बटणांवर, दारांच्या फटींत, कुलपांवर. दार नीट लागलंय हे लिफ्टला ज्या पितळी पट्ट्यांतून कळतं, त्या पट्ट्या दोन महिने त्या पाण्यात भिजून हिरव्या पडल्या होत्या. दार बंद असूनही लिफ्टला ते उघडं वाटलं आणि ती होती तिथे थांबली. जंतू मेले की नाही कुणास ठाऊक, लिफ्ट मेली.

"दुरुस्त होईल?" चौथ्या मजल्यावरून धावत आलेल्या कारकून बाईंनी विचारलं.

"दुरुस्ती नंतर. आधी माणूस काढायला लागेल. मशीनरूम गच्चीवर आहे. तिथलं चाक हाताने फिरवायचं." खालीवरने आपल्या पँटच्या रिकाम्या पायाकडे पाहिलं. "मी वर कसा जाणार?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग, सहा वेळा जे कुणाला सुचलं नव्हतं, ते अर्ध्या मिनिटात सुचलं. खुर्चीत बसवून उचलू या. हातवाली, मजबूत खुर्ची कार्यालयात एकच होती, साहेबांची. ती खाली आली. चौघांनी खालीवरला तिच्यात बसवलं आणि उचललं. मऊ गादी होती. मागे उशीही होती. त्याला हसू आवरेना.

तिसऱ्या मजल्यावर त्याने खुर्ची लिफ्टसमोर ठेवायला लावली. "आत काय आहे ते बघून घेतो."

त्रिकोणी किल्ली घातली, फिरवली. बाहेरचं दार सरकलं. लिफ्टची फरशी उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला लटकलेली होती. आतलं जाळीचं दार साहेबांनी हाताने ओढून उघडलं होतं. फरशीच्या कडेवर दोन पॉलिश केलेले बूट दिसत होते, वर घामाने ओली पँट. आणि फरशीच्या खाली काळी पोकळी, थेट खड्ड्यापर्यंत. त्याच खड्ड्यापर्यंत.

"आलात? देवासारखे आलात!" साहेब वाकून म्हणाले. मास्क हनुवटीवर, केस कपाळाला चिकटलेले. खालीवरला त्यांनी ओळखलं नाही. ओळखणार कुठून, पाहिलंच कधी होतं? ह्या खुर्चीवर ते साथीच्या तोंडावर बदलून आलेले. "बाजूला व्हा. मी उडी मारतो. एवढीशी तर आहे."

सगळे अडकलेले हेच म्हणतात. उडी एवढीशीच असते. पण कडेवरून खाली उतरणारा माणूस पोटावर घसरत येतो, पाय आधी फरशीखालच्या पोकळीत झुलतात, आणि हात सुटला की तो बाहेर पडत नाही, आत पडतो. खालीवरने असे दोन खड्ड्यातून उचलले होते. हे त्या जिन्यात फक्त त्याला माहीत होतं.

साहेब पाठमोरे झाले. गुडघ्यावर बसले. एक बूट कडेवरून खाली आला आणि हवेत चाचपडू लागला.

खालीवर काही बोलला नाही.

त्याला काही करायचंच नव्हतं. गप्प बसायचं होतं, एवढंच. चौकशी झाली असती आणि चौकशीत निघालं असतं की, मेकॅनिक यायच्या आत अधिकाऱ्याने स्वतः दार उघडलं. पहिल्याच पानावर. नळी, यंत्र, मधली खुर्ची, एक एक शब्द तोडून बोलणारी बायको, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि तो बूट आणखी चार बोटं खाली आला. मोजे चांगल्यापैकी महाग होते. त्याला वाटलं, पडू दे. हे त्याला अगदी स्पष्ट, शब्दांत वाटलं, आणि पुढे कधीही त्याने ते नाकारलं नाही.

मग तो ओरडला. "पाय वर घ्या! वर! बूड टेका आणि मागच्या भिंतीला पाठ लावून बसा. खाली तीन मजले पोकळी आहे."

बूट गपकन वर गेला. साहेब सरपटत मागे सरले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं सगळ्यांनी पाहिलं. सही मेलेल्या माणसाची चालत नाही, असं खालीवर नंतर सांगायचा. पण हे कारण त्याला ओरडून झाल्यावर सुचलं होतं.

"आता माझं ऐका," तो म्हणाला. "मी वाचवलंय, तेव्हा जरा दम धरा. मला ओळखलंत?"

"नाही हो..."

"निळा शर्ट. अंगणातला बाक. आज मी तुम्हाला समक्ष दिसतोय का?"

आतून बूट फरशीवर घासले. मग आवाज आला, "हे बघा, आधी मला काढा. मग आपण कार्यालयात बसून..."

"साहेब, मी प्रत्येकासाठी खालीवर करत बसलो तर कसं होईल?"

पहारेकरी तोंड फिरवून भिंतीकडे बघू लागला. त्याचे खांदे हलत होते.

खालीवरने पँटचा पाय वर केला, नीट, सावकाश, साहेबांना दिसेल असा. खिशातला अर्ज काढला आणि कुबडीच्या टोकाला चिमट्याने लावून लिफ्टच्या फरशीवर सरकवला. कारकून बाईंनी न सांगता पेन आणि शिक्का आणून दिला. त्याही जिन्याने चढणाऱ्या.

"सही करतो ना. लगेच करतो."

"नुसती सही नको. खाली शेरा लिहा. मी सांगतो. ‘अर्जदार सहा वेळा तळमजल्यावर हजर होते. लिफ्ट बंद असल्याने वर येऊ शकले नाहीत. मी खाली उतरलो नाही.’"

"सरकारी कागदावर ‘मी’ लिहीत नाहीत."

"मग कोण उतरलं नाही त्याचं नाव लिहा."

कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. फिरला, थांबला, पुन्हा फिरला. "हे दबावाखाली लिहून घेताय तुम्ही," साहेब बारीक आवाजात म्हणाले.

"खोटं आहे त्यात काही? एक शब्द खोटा असेल तर खोडा. ‘अर्जदाराने उचलून न्यायला सांगितलं नाही’ म्हणाल, तर तेही लिहा."

त्यांनी काही खोडलं नाही. सही झाली, शिक्का उमटला, कागद कुबडीवरून परत आला. खालीवरने तो दोनदा वाचला आणि कारकून बाईंकडे दिला. "आवक नोंदवहीत चढवा. आत्ता. आणि निवृत्तिवेतन सुरू करायचं टिपण आजच्या टपालात." बाई दोन-दोन पायऱ्या गाळत गेल्या.

मग खुर्ची गच्चीवर गेली. मशीनरूममध्ये तेच ग्रीसचे डाग होते, भिंतीवर त्याच्याच हाताने लिहिलेल्या तेल बदलल्याच्या तारखा होत्या. खालीवरने वीज तोडली, किल्ली काढली आणि खिशात घातली. खिसा वरून दोनदा चाचपला. ब्रेकचा दांडा स्वतः धरला आणि चौघांना चाकाशी उभं केलं.

"काका, चौथा मजला सोपा आहे," पहारेकरी म्हणाला. "वरच घेऊ ना? पुरुषभर तर आहे."

"मला माहीत आहे."

"आणि एकटा माणूस असला की लिफ्ट वर आपोआप जाते, तुम्हीच सांगायचात. दोराच्या दुसऱ्या टोकाची वजनं ओढतात."

"तेही माहीत आहे. खाली घ्या. तळमजल्यापर्यंत."

बावीस वर्षांत त्याने अडकलेला माणूस नेहमी जवळच्या मजल्यावर काढला होता. त्याच्या धंद्याचा तो पहिला नियम होता आणि तो त्याने त्या दिवशी जाणूनबुजून मोडला. चौघं घाम गाळत चाक उलटं फिरवत होते. चाकाच्या एका फेरीला लिफ्ट बोटभर खाली जाई. पन्नास मिनिटं लागली. आतला माणूस चौथा मजला हाताशी असताना बोटाबोटाने खाली खाली जात होता. मधूनमधून त्याचं ओरडणं वरपर्यंत येत होतं. खालीवर ब्रेकचा दांडा धरून शांत बसला होता, आणि दर बोटागणिक त्याला आनंद होत होता. त्याची त्याला लाज वाटली नाही.

तळमजल्यावर दार उघडल्याचं कळलं, तेव्हा त्याने लाल पाटी मागवली आणि मशीनरूमच्या दाराला स्वतःच्या हाताने अडकवली. पट्ट्या बदलेपर्यंत लिफ्ट कुणीच वापरायची नव्हती. हे सुडापोटी नव्हतं, ते खरंच होतं. पण दोन्ही एकत्र आलं ह्याला तो काय करणार? साहेबांची बॅग, चष्मा, डबा, गाडीची किल्ली, सगळं चौथ्या मजल्यावर होतं.

चौघांनी खुर्ची उचलून उतरायला सुरुवात केली. चौथा मजला ओलांडला. तिसऱ्याच्या वळणावर वाट अडली.

साहेब पायरीवर बसले होते. एक हात कठड्यावर, दुसरा छातीवर. तोंड उघडं. त्यांनी वर पाहिलं. आपल्याच खुर्चीत बसून येणारा माणूस त्यांना दिसला. ते भिंतीचा आधार घेऊन उठायला लागले.

"बसा," खालीवर म्हणाला. "श्वास घ्या. घाई कसली? माझी बायको इथेच बसायची."

साहेब परत खाली बसले. बोलायला त्यांच्याकडे वारा नव्हता.

"पुढच्या वर्षी मी बाकावर असेन," खालीवर म्हणाला. "तुम्ही उतरायचं. समक्ष."

साहेबांनी मान हलवली. खुर्ची वळवताना चौघं जरा थबकले, आणि खालीवरचं तोंड खिडकीसमोर आलं. ती खिडकी तो पहिल्यांदाच खुर्चीच्या उंचीवरून पाहत होता, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून. खाली अंगण होतं, आणि अंगणातला बाक. त्याला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ जवळ. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. इथे बसून तिने सहा वेळा हात केला होता, आणि तो सहाही वेळा तिच्या डोक्यावरून, एका मजल्याने वर, ह्या माणसाकडे बघत बसला होता.

त्याचा हात आपोआप वर गेला आणि बाकाच्या दिशेने हलला. बाक रिकामा होता. चौघांना काही कळलं नाही, पण ते थांबून राहिले.

"काका, निघायचं?" पहारेकऱ्याने विचारलं.

"हो," खालीवर म्हणाला. "लवकर न्या मला घरी."